साडीखालची बाग

"तुमचं गाव शहर आहे, काका," नाडगौडा मॅडम म्हणाल्या.

मी मागं वळून बघितलं. माझ्यामागं दुसरा कोणी काका उभा असेल अशी मला आशा होती. मागं फक्त पाण्याचा माठ होता.

"कुणाचं गाव म्हणता?"

"हुन्नरवाडीच ना तुमची? मग हे बघा." त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं फिरवला. पडद्यावर अख्खा तालुका गोधडीसारखा पसरला होता. "वरून उपग्रह फोटो काढतो. त्या फोटोत कुठं काय आहे ते आमचं यंत्र ओळखतं आणि रंग भरतं. शेती पिवळी, झाडी हिरवी, पाणी निळं आणि वस्ती लाल."

शेजारची सगळी गावं पिवळीधमक. मधोमध आमची हुन्नरवाडी, कांडपातनं काढलेल्या मिरचीपुडीसारखी लालभडक.

"दाट वस्ती, लहान घरं, एकाला एक चिकटलेली," मॅडम म्हणाल्या. "यंत्राच्या अंदाजानं ऐंशी हजार लोक."

"बाई, आमच्या गावात ऐंशी हजार फक्त माशा आहेत," मी म्हणालो. "त्यासुद्धा आंब्याच्या दिवसांत."

त्या हसल्या नाहीत. नकाशाच्या कचेरीत हसायला बंदी असावी. वय असेल तिशीच्या आतबाहेर, डोळ्यांवर गोल चष्मा, आणि बोलणं असं की मधे कुठं फट नाही.

आता मी तिथं कशाला गेलो होतो ते सांगतो. आमच्या भागात उपशाची नवी पाणीयोजना येत होती. नदीचं पाणी पाइपांतून थेट शेतात येणार, आणि पाइप कुठं टाकायचे ते या नकाशावरून ठरणार. पिवळ्या रंगाला पाणी. लाल रंगाला नाही, कारण शहराला म्हणे त्याची स्वतःची सोय असते. आणि आमच्या इंदूची, म्हणजे माझ्या मंडळींची, भगवा जातीच्या डाळिंबाची बाग त्या वर्षी शेवटच्या घटका मोजत होती. बोअर आटली होती. आठवड्याला एक टँकर यायचा, तो झाडांना नुसता हुंगायला मिळायचा. आणखी एक उन्हाळा असा गेला असता तर झाडं उपटून सरपणाला लावावी लागली असती. झाडं इंदूनं लावलेली. मी लावली असती तर कधीच मेली असती. निघताना ती म्हणाली होती, "पाणी घिऊनच या. न्हाईतर तिकडंच एखादी खोली बघा."

मी पडद्याजवळ नाक नेलं. त्या लाल चौकटीच्या खाली खरा फोटो होता. तांबडे, जांभळे, पिवळे, मोरपंखी ठिपके, रांगाच्या रांगा. आणि माझ्या डोक्यात उजेड पडला.

"मॅडम, ही घरं नव्हेत. या साड्या आहेत."

"कुणाच्या?"

"झाडांच्या."

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि मला पुन्हा एकदा नीट बघितलं.

"झाडांना साड्या?"

"उन्हानं फळ भाजतं. एका अंगानं काळा चट्टा पडला की व्यापारी हात लावत नाही. म्हणून चैत्र लागला की बाजारातनं जुन्या साड्यांचे गठ्ठे आणायचे आणि झाडांवर पांघरायचे. तुम्ही पोरी स्कूटरवर तोंडाला ओढणी गुंडाळता ना, तसंच. अख्खं गाव हेच करतं."

"यंत्राला ते पत्र्यांवरचं प्लास्टिक वाटलं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग मान हलवली. "पण तुम्ही सांगता म्हणून मी रंग बदलू शकत नाही. यंत्राला पटलं पाहिजे."

"मग यंत्राला सांगा, हुन्नरवाडीचे गजाबापू अनपट स्वतः येऊन गेले म्हणून."

"सोमवारी सकाळी साडेदहाला उपग्रह पुन्हा तुमच्यावरून जाणार आहे. त्या फोटोत शेती दिसली तर बघू."

गावात परत आलो तर पंचायतीसमोर सगळे वाट बघत बसलेले. आमचे सरपंच शिवलिंग मेटकरी मधोमध खुर्चीवर. गडी तसा मनाचा चांगला, पण त्याला मोठेपणाची भारी तहान. मी सगळं सांगितलं. पाण्याचं ऐकून लोकांची तोंडं उतरली. सरपंचाचं मात्र उजळलं.

"शहर म्हणाल्या? सरकारी नकाशात?"

"हो."

"लेखी?"

"रंगीत."

सरपंच खुर्चीतनं उठला आणि हात पाठीमागं बांधून येरझाऱ्या घालायला लागला. "म्हणजे ग्रामपंचायत जाणार. नगरपालिका येणार. नगरपालिका आली की नगराध्यक्ष आला. बापू, लोक ह्यासाठी मुंबईला खेटे घालतात आणि आपल्याला ते बसल्या जागी वरून आलंय!"

"आन् पाणी?" बायकांच्या घोळक्यातनं इंदूचा आवाज आला.

"वैनी, शहराला नळ असतोच की."

"नळ असंल वो. नळात काय असंल?"

हशा पिकला आणि सरपंच खाली बसला. मग साड्या काढायच्या का यावर खल झाला. इंदू म्हणाली, वैशाखाच्या उन्हात दुपारपर्यंत जरी फळ उघडं राहिलं तरी भाजून निघेल. साडी काढायची नाही आणि दिसूही द्यायची नाही, असा पेच होता. तेव्हा माझं डोकं चाललं. माझं डोकं असं अधूनमधून चालतं आणि मग इतरांना बरंच चालावं लागतं.

"वरनं बघितलं तर खऱ्या बागेचा रंग कुठला?" मी विचारलं.

"हिरवा."

"मग सगळ्या साड्या हिरव्या घाला! वरच्याला काय कळतंय?"

हिरवी साडी कुणाच्या घरात नसते? चुडा भरताना नेसलेली एक, डोहाळजेवणातली एक, लेकीच्या बाळंतपणात विहिणीनं दिलेली एक. पण त्या ट्रंकेच्या तळाशी, कापूर घालून ठेवलेल्या. झाडावर घालायच्या म्हटल्यावर गावात असा कालवा झाला की विचारू नका. एकीनं तर नवऱ्याला सांगितलं, तुमचं धोतर हिरवं रंगवा आणि तुम्हीच चढा झाडावर. शेवटी इंदूनं आपली लग्नातली साडी आणून माझ्यापुढं टाकली.

"ह्या साडीत मी तुमच्या घरात आले," ती म्हणाली. "त्येवढी चूक तिच्यानं झालीय. आता चांगलं काम करू द्या तिला."

ती साडी आली तशा बाकीच्याही आल्या. सरपंचाच्या पाचही सुनांनी आणल्या. फक्त सगळ्यांनी मिळून सरपंचाला दम भरला की, काम झालं की धुवून, वाळवून, घडी घालून परत पाहिजेत. सरपंच म्हणाला, पंचायतीचा शब्द आहे.

सोमवारी साडेदहाला गाव हिरवंगार. सगळे उन्हात उभे राहून आभाळाकडं बघत होते. कुणी हात हलवत होतं. सरपंचाची हौसाआत्या, वय ऐंशीच्या पुढं, तिनं डोक्यावरनं पदर पार नाकापर्यंत ओढून घेतला.

"आत्या, उन्हाचा त्रास होतोय का?"

"न्हाई रं. परका माणूस वरनं बघतोय म्हनं."

दोन दिवसांनी नाडगौडा मॅडमचा फोन आला. आवाज जरा विचित्र होता.

"काका, तुम्ही काय केलंत?"

"काही नाही. का?"

"तुमचं गाव बुडालं."

"बुडालं म्हणजे?"

"निळं आलंय. सगळं. हुन्नरवाडीच्या जागी मोठा तलाव आहे." मग त्यांनी मला समजावलं. जिवंत पानातनं एक उजेड परत जातो. तो माणसाच्या डोळ्याला दिसत नाही, यंत्राला दिसतो. आमच्या गावात यंत्राला हिरवं दिसलं पण तो उजेड दिसेना. मग त्यानं विचार केला, हिरवं आहे आणि पान नाही, तेव्हा हे शेवाळलेलं पाणीच असणार.

"आणि तलावाला," मॅडम म्हणाल्या, "पाणी देत नाहीत."

तुम्हाला खोटं वाटेल, पण त्याच आठवड्यात खाली नदीकाठाहून दोन मासेमार टेम्पोत जाळी आणि काहिली घालून आमच्या गावात उतरले. काहिली म्हणजे गुळाची नव्हे, त्यात बसून मासे धरतात ती, टोपलीसारखी गोल नाव. त्यांच्यापर्यंत नव्या तलावाची बातमी कशी पोचली देव जाणे.

"तलाव कुठंय?" त्यांनी सरपंचाला विचारलं.

दुसरा कुणी असता तर नाही म्हणाला असता. सरपंचानं दाढी खाजवली आणि म्हणाला, "तलाव सध्या कोरडा आहे."

"आन् मासं?"

"मासे येतील. आधी पाणी येऊ द्या."

ते दोघं चहा पिऊन, काहिली पुन्हा टेम्पोत चढवून निघून गेले. पण इंदूला हसू आलं नाही. संध्याकाळी ती बागेत एका झाडाजवळ बसली होती. त्याची पानं कडेनं वाळून वळायला लागली होती. मला म्हणाली, "शहर झालं, तळं झालं. बाग कवा व्हनार?"

मी पुन्हा मॅडमकडं गेलो आणि म्हणालो, बाई, एकदा तुमच्या पायांनी या. त्या म्हणाल्या, खरं तर नियमात तसं आहे. यंत्र गोंधळलं तर माणसानं जागेवर जाऊन पाहणी करायची. पण एवढी गावं, कुणी जातच नाही. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघून म्हणाल्या, "गुरुवारी येते."

ही गोष्ट मी गावात सांगितली, ती माझी घाई झाली. कारण सरपंचाचा जीव अजून त्या लाल रंगात अडकला होता.

गुरुवारी मॅडम आल्या. तोवर झाडांवरच्या हिरव्या साड्या उतरवून पुन्हा जुन्या रंगीबेरंगी चढवल्या होत्या. हातात पाटीएवढा संगणक, पायात बूट. सरपंचानं हार घातला. मॅडम म्हणाल्या, "यंत्रानं कुठलेही तीन ठिपके निवडलेत. त्या ठिपक्यांवर उभं राहून मी बघायचं आणि लिहायचं. दोन रकाने आहेत. पहिला, जमिनीवर काय पसरलंय. दुसरा, त्या जमिनीचा उपयोग काय. पहिला यंत्र भरतं. दुसरा माणसानं भरायचा असतो, पण आम्ही कचेरीत बसून पहिलाच दुसऱ्यात उतरवतो."

पहिला ठिपका आमच्याच बागेत निघाला. मॅडमनी साडी उचलली. आत मुठीएवढी डाळिंबं, लाल व्हायच्या बेतात. त्यांनी एक तळहातावर तोलून बघितलं.

दुसरा ठिपका सरपंचाच्या भावकीच्या बागेत. मॅडमनी साडी उचलली. आत खाट, खाटेवर हौसाआत्या, शेजारी स्टोव्ह, दोरीवर एक टॉवेल, आणि डाळिंबाच्या फांदीला गणपतीचं कॅलेंडर.

मी सरपंचाकडं बघितलं. सरपंच आभाळाकडं बघत होता.

"आजी, तुम्ही इथं?" मॅडमनी विचारलं.

"मी हितंच ऱ्हाते," हौसाआत्यानं पढवलेलं म्हणून दाखवलं. "वस्ती हाय ही. दाट."

"कधीपासून राहता?"

"सकाळधरनं."

मॅडमनी तोंडावर हात धरला. नकाशा कचेरीचं माणूस हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. हौसाआत्याला वाटलं आपलं चांगलं चाललंय. ती पुढं म्हणाली, "पल्याडच्या झाडाखाली आमचा म्हादू ऱ्हातो. त्याच्याफुडं शेवंता. शिवा म्हनला, बाई जाईस्तवर हलायचं न्हाई. पन पोरी, लई उकडतंय गं. पानी हाय का तुज्याजवळ?"

मॅडमनी आपली बाटली दिली. आत्यानं ती घटाघटा संपवली. सरपंचाची मान खाली गेली.

"सरपंच," मॅडम म्हणाल्या, "तुम्हाला शहर पाहिजे आहे का?"

"तसं न्हाई मॅडम… म्हणजे सरकारनंच आधी लाल केलं, म्हणून आम्ही म्हटलं…"

तिसरा ठिपका बघायची गरज पडली नाही. मॅडम बांधावर बसल्या आणि संगणकावर बोट ठेवून थबकल्या. "अडचण आहे. पहिल्या रकान्यात लिहायचं काय? वरून कापड दिसतं. यादीत कापड नाही. माणसानं केलेली वस्तू म्हणून ते बांधकामात घालायला पाहिजे, असा नियम आहे."

"म्हंजी पुन्ना लाल?" इंदू म्हणाली.

"नियमानं."

इंदू त्यांच्यासमोर उभी राहिली. कंबरेवर हात.

"ताई, तुमी आज पंजाबी घालून आलाय. पन कवा साडी नेसता का न्हाई?"

"नेसते की. सणावाराला."

"मग त्या दिवशी ह्या उपग्रहानं वरनं तुमाला बगितलं, तर तुमची नोंद कशात करायची? कापडदुकानात?"

बांधावर सगळे फिदीफिदी हसले. मॅडमही हसल्या, पण लगेच थांबल्या. चष्मा वर सरकवला. मग संगणकावर भराभरा काहीतरी टाइप करायला लागल्या.

"काय लिवलं?" इंदूनं विचारलं.

"नवी जात केली," त्या म्हणाल्या. "साडीखालची बाग. रंग पिवळा. आता यंत्राला शिकवायचं." त्यांनी बोटानं पडद्यावर आमच्या बागेभोवती गोल काढला. "हे असं जिथं जिथं दिसेल, दाट, रंगीत, कापडाचं, ते घर नाही, तळं नाही, डाळिंब आहे. एकदा शिकलं की ते विसरत नाही."

"नीट शिकेल ना?" मी विचारलं.

"फार नीट शिकेल, काका. तीच कधीकधी भीती असते."

तेव्हा मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही.

यंत्र शिकलं. उपग्रह पुन्हा एकदा येऊन गेला, या खेपेला कुणी आभाळाकडं बघितलंसुद्धा नाही. नकाशा पिवळा आला आणि हुन्नरवाडीला पाणी मंजूर झालं. इंदूनं पेढे वाटले. मला दोन दिले.

मग एका सकाळी पाणीयोजनेचे अभियंते आले. हातात नकाशा, मागं पाइपांनी भरलेला ट्रक. प्रत्येक गावाला एकच मोठा व्हॉल्व्ह मिळायचा आणि तो बाग सगळ्यांत दाट असेल तिथंच बसवायचा. जागा यंत्रानं काढून दिली होती. त्यांचे मोठे साहेब नकाशा बघत बघत आमच्या बागेशेजारनं पुढं गेले. मी म्हटलं, असेल पुढं. भावकीच्या बागेपुढनं गेले. देवळावरनं गेले. मागं आम्ही सगळे. शेवटी ते सरपंचाच्या नव्या दुमजली घरासमोर थांबले. मान वर केली.

"जिना कुठून आहे?"

"कशाला?" सरपंच म्हणाला.

"व्हॉल्व्ह बसवायचाय. सगळ्यांत दाट बाग इथं वर आहे."

"वर माझी गच्ची आहे!"

साहेबांनी नकाशा पुढं धरला. गावाच्या मधोमध, जिथं सरपंचाचं घर, तिथं गडद पिवळा डाग. तेवढा दाट पिवळा अख्ख्या तालुक्यात नव्हता. आणि तेव्हा सरपंचाच्या थोरल्या सुनेनं कपाळावर हात मारला. उपग्रह ज्या दिवशी गेला, त्या दिवशी पंचायतीचा शब्द पाळायचा म्हणून पाचही सुनांनी गावच्या सगळ्या हिरव्या साड्या धुऊन गच्चीवर वाळत घातल्या होत्या. दोऱ्यांवर, कठड्यावर, टाकीवर. गच्चीचा तीळभर तुकडा उघडा नव्हता.

"अहो, इथं माझं घर आहे," सरपंच म्हणाला.

"नकाशात घर नाही."

"मग मी राहतो कुठं?"

साहेबांनी पुन्हा नकाशा बघितला. "डाळिंबात."

या वेळी हसायला कुणाला सुचलं नाही. कारण साहेब पुढं म्हणाले, "नकाशा दुरुस्त करता येईल. अर्ज करा. पुढच्या वर्षीच्या यादीत येईल."

पुढच्या वर्षी. तोवर बागा सरपणाला लागल्या असत्या. इंदू खाली बघत पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

सरपंचानं घराकडं बघितलं. आदल्या दिवाळीला बांधलेलं, दर्शनी बाजूला गुलाबी फरशी, गच्चीला सिमेंटचे दोन सिंह. त्या सिंहांच्या मधनं फूटभर जाडीचा पाइप वर जाणार होता. नगराध्यक्ष झाल्यावर तिथनं लोकांना हात हलवायचा, असं त्यानं मला एकदा खाजगीत सांगितलं होतं.

मग तो इंदूकडं वळला.

"वैनी."

"काय?"

"पाण्याची दारं धरायला वर येशिला तवा चपला खाली काढत जावा. जिन्याखाली देव्हारा आहे."

इंदूनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते त्या योजनेतलं नव्हतं.

साहेबांनी व्हॉल्व्ह बसवला आणि वर कौतुक केलं की, जागा उंचावर असल्यामुळं पाणी आपोआप चारी दिशांनी उतरेल, पंपाची गरज नाही, यंत्रानं काय डोकं लावलंय! पाणी सुटलं त्या सकाळी इंदू खोरं खांद्यावर टाकून निघाली. लोक खोरं घेऊन शेताकडं जातात, ही गावाकडं चालली होती. सरपंचाच्या दारात तिनं चपला काढल्या, देव्हाऱ्याला हात जोडले, जिना चढून वर गेली आणि दोन सिंहांच्या मधे उभं राहून चाक फिरवलं. पाइप एकदा खोकला, दोनदा खोकला, आणि मग गच्चीवरनं पाणी असं सुटलं की खाली उभ्या असलेल्या हौसाआत्यानं पदर नाकापर्यंत ओढला आणि तशीच भिजत उभी राहिली.

आता आमच्या पाळीच्या दिवशी मीही जातो. जिना चढताना गुडघे बोलतात. वर सरपंचाची सून चहा आणून देते, सरपंच खुर्ची टाकून बसलेला असतो, आणि कुणी पाहुणा आला की त्याला सांगतो, "आम्ही बागेत राहतो."